शेवटी ती जगते ना?

मार्च लागला की आमच्या वाचनालयातून आम्हाला बाहेर काढतात. म्हणजे कुणी दंड धरून काढत नाही. राऊतबाई, आमच्या ग्रंथपाल, दारावर एक पुठ्ठा टांगतात, ‘दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव’, आणि आमच्याकडे बघून ओशाळं हसतात. मग आम्ही रोजचे वाचक पिशव्या उचलून बाहेरच्या ओट्यावर येऊन बसतो. आत पंख्याखाली पोरं माना घालून घोकत असतात, त्यांचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. बाहेर पत्र्याखाली आम्ही. दुपार कलली की समुद्राकडचा वारा सुटतो. कधी तो खारा असतो, कधी वाटेत कारखान्यांवरून येताना त्यांचा उग्र वास उचलून आणतो. त्या वासावरून मला आता वाऱ्याची दिशा कळते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वाशीमहून इथं आले तेव्हा नुसतं मळमळायचं.

यंदाही पुठ्ठा लागला. यंदाही आम्ही ओट्यावर आलो. पण या मार्चला माझं मन थाऱ्यावर नाही.

या महिन्यात वाचनालयाची पुस्तकमोजणीही असते. घरोघरी गेलेली सगळी पुस्तकं परत मागवतात, कपाटांत लावतात, मोजतात, आकडे कोळगावला जिल्हा कचेरीत जातात. एप्रिल उजाडेपर्यंत पुस्तक बाहेर जात नाही. म्हणजे वर्षातला हा एकच महिना असा, की सगळी पुस्तकं घरी असतात आणि वाचक रिकाम्या हातांनी दारात बसलेले असतात. मग करायचं काय? आम्ही पुस्तकं सांगतो. ज्यानं वर्षभरात जे वाचलं ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं, आणि एप्रिलमध्ये कुणी काय न्यायचं ते इथंच ठरतं.

नियम एकच, तो गावडेकाकांनी घातलेला. गावडेकाका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, बोलायला तिखट. ते म्हणाले, “कादंबरी सांगायची नाही. कादंबरी सांगितली की संपते. खरं पुस्तक सांगितलं तरी उरतं.” तेव्हापासून मार्चमध्ये फक्त खरी पुस्तकं. आत्मचरित्रं, आठवणी, प्रवास, आजार, तुरुंग, दुष्काळ. आमच्या बाइंडरनं सगळ्यांना एकसारखं खाकी कापड चढवलेलं, मूळची वेष्टनं गेलेली, त्यामुळे पुस्तकांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आम्ही माणसावरून ओळखतो. स्टेशनमास्तरचं. नर्सबाईचं. विहिरी खणणाऱ्याचं. “ते स्टेशनमास्तरचं नेलंत का हो? ने‌ऊन बघा, त्याची बायको फार झकास आहे,” असं आमचं बोलणं चालतं. नवखा ऐकेल तर त्याला वाटेल, ही माणसं गावातल्या लोकांच्या चहाड्या करताहेत.

या ओट्यावर कधी कोण जाणे, पण असं झालं की खरं पुस्तक हवं असलं की लोक मला विचारायला लागले. “रेखाला विचारा.” या दोन शब्दांनी मला जेवढा आनंद होतो तेवढीच धडकी भरते. मी आठवी शिकलेली. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांसाठी खोकी करायच्या कामावर जाते, पहिली पाळी सुटली की पाम गावातल्या आमच्या खोलीवर जायच्या आधी इथं डोकावते. मला कुणी प्रश्न विचारला की अजूनही आधी वाटतं, हा प्रश्न न शिकवलेल्या धड्यातला असणार. पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात इतका वेळ उभी होते, की राऊतबाईंना वाटलं मी झाडलोटीचं काम मागायला आले. हे त्यांनीच नंतर हसत सांगितलं. त्या दिवशी मात्र त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. माझं शिक्षण, गाव, काही नाही. “काय वाचायला आवडतं?” एवढंच विचारलं. मला आवडतं काय हे त्याआधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही. त्या बाईचे उपकार मी कसे फेडू?

मी पुस्तक कसं वाचते तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. मी प्रस्तावना वाचत नाही. सुरुवातीला वाचून बघितल्या. त्यांत ‘अनुभूतीचा परीघ’ वगैरे असायचं. एका पानावर मी पाच-पाच वेळा अडखळायचे आणि वाटायचं, हे पुस्तक आपलं नाही. मग मी ते सोडूनच दिलं. लग्नाच्या मांडवाबाहेर टोपी घातलेली मोठी माणसं उभी असतात ना, तशा मला प्रस्तावना वाटतात. लांबून नमस्कार करायचा आणि बाजूनं आत शिरायचं. जिथं माणूस ‘मी’ म्हणून बोलायला लागतो तिथून माझं पुस्तक सुरू होतं. ओट्यावरच्या आम्हा बहुतेकांचं असंच. गावडेकाका तेवढे वेगळे. ते छापखान्याचा पत्तासुद्धा वाचतात.

चार वर्षांपूर्वीचा तो मार्च असाच होता. रस्त्याकडेला ताडगोळेवाले नुकते बसायला लागले होते. ओट्यावर कुसुमकाकी आली. काकी तारापूरच्या बाजूची, पिढ्यान् पिढ्यांची चिकूची वाडी असलेल्या घरातली. बोईसरला बाजाराला येते तेव्हा पिशवीत खाली भाजी आणि वर पुस्तक. तिचं वाचन माझ्यापेक्षा जास्त, आणि बोलणं सगळ्यांपेक्षा. त्या दिवशी ती पायरीवर टेकली, पदरानं मान पुसली आणि शेवग्याचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, “माझ्या छातीत गाठ हाय. परवा कळलं. पुढच्या गुरुवारी मुंबईला जायाचं, कापायला.”

आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“अशे तोंडं नका करू,” काकी म्हणाली. “माझं काम हाय तुमच्याकडं. रेखा, मला पुस्तक दे. अशाच बाईचं. खरं पायजे, बनवलेलं नको. पण शेवटी ती जगली पायजे.”

गावडेकाकांनी घसा साफ केला. “कुसुमताई, आत्मचरित्र लिहिलंय म्हणजे जगलीच असणार ना. गेलेलं माणूस लिहील कसं?”

“तुमचं डोकं कधीमधी चालतं,” काकी म्हणाली आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसली. आतून एका पोरानं “शूऽऽ” केलं.

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. “टेलिफोनबाईचं,” मी म्हणाले. “ती जगते काकी. पक्की जगते.”

टेलिफोनबाईचं पुस्तक मला जवळजवळ पाठ होतं. एका लहान शहराच्या टेलिफोन केंद्रात कॉल जोडून देणारी बाई. तिला गाठ होते, इस्पितळात पडल्या पडल्या तिला तारेवरून ऐकलेले आवाज आठवत राहतात. कुणाची बाळंतपणाची बातमी, कुणाचं भांडण, कुणी नुसतंच हॅलो हॅलो म्हणत राहिलेलं. शेवटच्या पानावर ती घरी येते, तांदूळ धुते, कुकर लावते आणि शिट्टीची वाट बघत उभी राहते. तिथं पुस्तक संपतं. मी इथं नवी होते, ओळखीचं कुणी नव्हतं, भाषासुद्धा कानाला परकी लागायची, तेव्हा दुपारच्या दुपार मी ते वाचलेलं. दूर कुठंतरी असलेल्या माणसाचा नुसता आवाज किती पुरतो, हे मला तिनं शिकवलं. आईला फोन करून ‘बाकी काय’, ‘बाकी काही नाही’ एवढंच बोलून ठेवला तरी दिवस निघतो, ते तिच्यामुळं.

राऊतबाई कुरकुरल्या. “मोजणी झालीये. आकडे गेलेत कोळगावला. एक पुस्तक कमी दिसलं तर मी काय सांगू?” आणि लगेच म्हणाल्या, “गुरुवारी जाता जाता या. काढून ठेवते.”

बुधवारी मी कामावरून थेट आले. राऊतबाईंनी पुस्तक काढून ठेवलं होतं. मी पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत होते, तेवढ्यात गावडेकाकांनी ते हातातून घेतलं आणि सवयीनं पहिल्या पानापासून उघडलं. वाचता वाचता थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“रेखाबाई, हे वाचलंय का तुम्ही?”

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकानं घातलेलं पान होतं ते. जेमतेम चार-सहा ओळी. लेखिका आज आपल्यात नाहीत. हे लेखन हातावेगळं केल्यानंतर चार वर्षांनी त्याच आजारानं त्यांचं निधन झालं. मी ते उभ्यानंच दोनदा वाचलं. इतक्या वेळा वाचलेली ती बाई माझ्यासाठी त्या दिवशी, त्या ओट्यावर गेली. कादंबरीतलं माणूस मेलं तर लेखकाला नावं ठेवता येतात. खऱ्या पुस्तकातलं मेलं तर कुणाला ठेवायची? आणि मी काकीला ‘पक्की’ म्हणाले होते. हा शब्द माझ्या तोंडून का आला?

“दुसरं दे दो ना दीदी,” ओट्यावर पेपर वाचायला येणारा बिहारकडचा शंभूभाई म्हणाला. त्याला अर्ध्या गोष्टी कळल्या होत्या, पण मुद्दा कळला होता.

दुसरं कुठलं? आम्ही आठवून आठवून थकलो. एका पुस्तकात नवऱ्यानं गेलेल्या बायकोवर लिहिलेलं. नर्सबाईच्या पुस्तकात तर पानोपानी कुणीतरी जातं. मला आयुष्यात पहिल्यांदा आमच्या वाचनालयाचा राग आला.

राऊतबाईंनी आवाज खाली आणला. “टेबलावर डिंकाची बाटली आहे. ही दोन पानं एकमेकांना चिकटवली तर कुणाला कळतंय?”

“राऊतबाई!” गावडेकाका म्हणाले. “ग्रंथपाल ना तुम्ही?”

“ग्रंथपाल आहे म्हणूनच सांगते. फाडत थोडीच आहे? एप्रिलमध्ये ओला हात फिरवला की सुटतील.”

“आणि कुसुमताईंनी विचारलं तर?”

“काय विचारतील? चिकटलेली पानं काय कमी आहेत आपल्याकडं? अर्ध्या पुस्तकांवर लोकांनी चहा सांडलाय. तुम्हीसुद्धा.”

डिंकाची बाटली माझ्यापुढं आली. मी तिच्यातला ब्रश उचललाही. एक ओळ फिरवायची आणि पान मिटायचं, एवढंच काम. गोळ्यांची खोकी चिकटवून चिकटवून माझा हात त्यात बसलेला. खिडकीतून आतली पोरं दिसत होती. एक मुलगी डोळे मिटून, बोटं मोडत काहीतरी आठवत होती.

तिच्याकडं बघताना मला माझी आठवी आठवली. आईची कंबर धरली होती, घरात धाकटी दोन लेकरं, शाळा पुढं नदीपलीकडच्या गावात. मला कुणी ‘शाळा संपली’ असं सांगितलंच नाही. “या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी जा,” बाबा म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले, माझं तोंड उतरू नये म्हणून. त्यांच्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. पण मी दोन वर्षं दप्तर भरून खुंटीला ठेवलं होतं. पेन्सिलींना टोक करून ठेवलं होतं. मार्चमध्ये मैत्रिणी परीक्षेला जाताना आमच्या दारावरून जायच्या, आणि मी हंडा खाली ठेवून त्यांना सांगायचे, पुढच्या वर्षी मी पण. त्यांना ठाऊक होतं. शेजारणींना ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. माझ्याच आयुष्याचं एक पान सगळ्यांनी वाचलेलं, आणि माझ्यापुरतं ते चिकटवलेलं.

मी ब्रश बाटलीत परत ठेवला. “मला नाही जमणार,” म्हणाले. कुणी आग्रह केला नाही. पण सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की उद्या जे होईल ते आता हिच्या माथी.

गुरुवारी काकी रिक्षातून उतरली. मुलगा रिक्षातच थांबला, मांडीवर कपड्यांची पिशवी. काकीनं नवी साडी नेसली होती, लग्नाला निघाल्यासारखी. मी पुस्तक पुढं केलं आणि तिनं हात लावायच्या आत बोलून टाकलं, कारण नंतर माझ्यानं झालं नसतं.

“काकी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी सुरुवातीचं पान वाचलं नव्हतं. ती बाई... पुस्तक लिहून झाल्यावर गेली.”

काकीचा हात तसाच राहिला.

“कशानं?”

“त्यानंच.”

“कधी?”

“चार वर्षांनी.”

मला वाटलं ती खाली बसेल. गावडेकाका उठून उभे राहिले होते. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

“थांब रे जरा!” काकी त्याच्यावर ओरडली. मग माझ्याकडं वळली. “चार वर्सं? लिवून झाल्यावर चार वर्सं?”

“हो.”

“मग तू रडतेस कशाला, येडे? दे इकडं.” तिनं पुस्तक ओढूनच घेतलं. “मी आपली येता पावसाळा मागत होते.”

आणि ती गेली. रिक्षा वळेपर्यंत ती पुस्तकात पहिलं पान शोधत असलेली मागून दिसत होती.

ती परत आली ते पावसाळा सरता सरता. डोक्याला फडकं, अंगानं अर्धी. “तेलाचा खर्च वाचला,” म्हणाली. पुस्तकाला इस्पितळाचा वास येत होता, तो अजून गेलेला नाही. पुढच्या मार्चला ओट्यावर तिनं तेच पुस्तक सांगितलं, आणि मला पाठ असलेलं पुस्तक मी पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं. “ती बाई तारेवरून ऐकायची, मी वॉर्डात ऐकायचे,” काकी म्हणाली. “बाजूची बाई झोपेत हिशेब करायची, किती भाकऱ्या, किती माणसं. मी मनातल्या मनात तिला माणसं कमी करून द्यायचे.” त्यानंतर ते पुस्तक एप्रिलमध्ये कधी कपाटात राहिलं नाही. कुणी ना कुणी नेतंच. मी मात्र परत नेलं नाही.

कारण मी मोजते. मोजायचं नाही म्हटलं तरी मोजते. त्या गुरुवारपासून दर मार्चला पुठ्ठा लागला, की काकी पायरीवर आलेली दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. एक मार्च गेला. दुसरा, तिसरा गेला. काकीचे केस परत आले, पांढरे आणि कुरळे. ती हसली, भांडली, वाडीतले चिकू घेऊन आली. आणि माझ्या मनात एकच, की हा चारचा आकडा मी तिच्या हातात दिलाय. डॉक्टरनं दिला नाही, मी दिला. डिंक लावला असता तर आकडाच नसता. ती नुसती जगली असती, मोजून नाही. मी हे आमच्या ह्यांना एकदा बोलून दाखवलं तर ते म्हणाले, “पुस्तकानं कुणी मरत नाही आणि जगत नाही, जेव.” खरं असेल. पण मग आम्ही इथं ओट्यावर बसून एकमेकांना काय देत असतो? मी एखादीला पुस्तक सांगते तेव्हा मला मनातून वाटतंच ना, की हिचं काहीतरी सुधारेल? मग बिघडू शकतं हेही मला मानायला हवं.

आणि हा चौथा मार्च. गेल्या महिन्यात काकीच्या तपासणीत काहीतरी दिसलं, परत एक तपासणी सांगितली. ही बातमी मनोरला दिलेल्या तिच्या लेकीकडून राऊतबाईंना कळली, त्यांच्याकडून मला. पुठ्ठा लागून आठवडा झाला तरी काकी आली नव्हती. मी खोकी चिकटवताना चुकत होते. ओट्यावर मला कुणी पुस्तक विचारलं तर “गावडेकाकांना विचारा” म्हणत होते. काल गावडेकाका वैतागून म्हणाले, “मला विचारून काय उपयोग? मी छापखान्याचा पत्ता सांगेन.”

आज ती आली. पायरी चढताना दम लागला, थांबली, परत चढली. मी उठून हात द्यायला गेले तर तिनं हातावर पिशवी ठेवली. “धर. चिकू हायत. वाटून टाक.”

“रिपोर्ट?” माझ्या तोंडून गेलंच.

“शुक्रवारी. येईल तेव्हा येईल.” ती बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग म्हणाली, “रेखा, त्या टेलिफोनवालीचं माझं झालं. तिची चार होती, मी पण केली. आता दुसरी बघ. हिच्यापेक्षा लांब गेलेली कोण हाय का?”

गावडेकाका म्हणाले, “एका पुढाऱ्याचं आहे. नव्वदीपर्यंत गेला. देऊ?”

“नको. त्याला आजार नाय, नुसते सत्कार हायत.”

राऊतबाई आत गेल्या आणि कपाटांची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. मोजणी झालेली, आकडे गेलेले, सगळं तसंच.

मी आत शिरले. पोरांच्या खुर्च्यांमधून अंग चोरून, मागच्या कपाटापर्यंत. खाकी पाठींवरून बोट फिरवत एक काढलं, मग दुसरं. आणि प्रत्येक पुस्तक अगदी पहिल्या पानापासून. आवृत्ती, साल, प्रकाशकाचे दोन शब्द, ‘अनुभूतीचा परीघ’, सगळं. न कळलेला शब्द आला की थांबत होते, बोट ठेवून परत वाचत होते. एखादी बाई कधी जन्मली, कधी आजारी पडली, कधी लिहिलं, त्यानंतर किती. मला घाम फुटला होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असेल, यांचापण पेपर आहे.

दारातून काकीचा आवाज आला. “सापडली का गं?”

“शूऽऽ,” सगळ्या पोरांनी एकदम केलं.

“थांबा काकी,” मी दबक्या आवाजात म्हणाले, “अजून प्रस्तावनेतच आहे.”

“वाच सावकाश,” ती म्हणाली. “मी बसते. घाई नाय मला.”